आमचा वॉर्ड बंद झाला तेव्हा

"आई, आमचा वॉर्ड बंद केला," असं मी फोनवर सांगितलं, तर नगरहून पहिला प्रश्न आला, "मग पेशंट कुठे हलवले?" तिची काही चूक नाही, वॉर्ड म्हटलं की आपल्याला एक तर सिव्हिल हॉस्पिटल आठवतं नाहीतर नगरसेवक. आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेत, यूटामधल्या सॉल्ट लेक सिटीत, चर्चच्या एका मंडळीला वॉर्ड म्हणतात. आणि माझा नऊ वर्षांचा वॉर्ड एका रविवारी संध्याकाळी साधारण पंचवीस मिनिटांत संपला. हे कसं होतं असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर नगरची बाई तिकडे काय करतेय असं वाटेल. आमचं घर अमेरिकन मिशनच्या काळापासून ख्रिस्ती. लहानपणी रविवारची उपासना, पेटी-तबल्यावर भजनं, नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे घेऊन घरोघरी फिरायचं, सगळं रीतसर झालेलं. मग इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आले, नवरा भेटला, तो अस्सल इथला, त्याचे पूर्वज १८४७ नंतर बैल जुंपलेल्या गाड्यांतून या खोऱ्यात आलेले. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते. २०१८ पासून चर्चनेच सांगितलंय की मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या, पण 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' दर ओळीत लिहीत बसले तर गोष्ट राहील बाजूला, म्हणून इथे नुसतं 'आमचं चर्च' म्हणते.

लग्नानंतर दोन वर्षांनी मी सदस्य झाले. या चर्चमध्ये दुसऱ्या कुठल्या चर्चचा बाप्तिस्मा चालत नाही, त्यामुळे मला परत पाण्यात उतरावं लागलं, पूर्ण बुडी मारून. आई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "तुझा बाप्तिस्मा पाळकसाहेबांनी केला होता, तो काय एक्स्पायर झाला?" याला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. आणि चहा सुटला. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं बंद, १८३३ पासूनचा नियम आहे. दारू-तंबाखूचं मला काय, पण चहा! पहिले सहा महिने सकाळी उठून मी फक्त चिडायचे. गवती चहा मात्र चालतो, नावात चहा असूनही. त्यावर दिवस काढतेय.

तर वॉर्ड. यात आवडनिवड नसते. रेशनकार्डासारखं असतं, ज्या गल्लीत घर त्या दुकानात नाव. नकाशावर रेघ मारलेली असते, रेघेच्या या बाजूला राहता तर हा वॉर्ड, त्या बाजूला तर तो. असे साधारण पाच ते बारा वॉर्ड मिळून एक स्टेक. (खायचा स्टेक नाही, तंबूची मेख, यशयाच्या पुस्तकातली.) पगारी पाळक हा प्रकारच नाही. बिशप म्हणजे शेजारचाच कोणीतरी, साधारण पाच वर्षं विनापगार ते काम करतो, आमचा बिशप डेंटिस्ट होता, रविवारी स्टेजवर बसायचा आणि सोमवारी तुमच्या तोंडात बघायचा. प्रवचनही तोच करतो असं नाही, मंडळीतल्या कोणालाही आधी सांगून ठेवतात की अमक्या रविवारी तुम्ही बोला. प्रत्येकाला काहीतरी काम असतं, त्याला कॉलिंग म्हणतात. कोणी ऑर्गन वाजवतं, कोणी लहान मुलांना शिकवतं, कोणी हिशेब ठेवतं. मी नर्सरीत होते, दीड ते तीन वर्षांची पोरं सांभाळायला.

पोरं किती? तीन. त्यातली दोन जुळी.

आमचं दुखणं तेच होतं. आमचा भाग जुना, मोठी झाडं, विटांची छोटी घरं, मागे वासाचचे डोंगर, बघायला फार सुंदर आणि विकत घ्यायला अशक्य. तरुण जोडपी लग्न झालं की सरळ दक्षिणेला जातात, लीहायला, ईगल माउंटनला, तिकडे माळरानावर रांगाच्या रांगा घरं उठतायत आणि तिकडे वॉर्ड इतके भरतात की तोडून नवे करावे लागतात. इथे उरले म्हातारे, विद्यार्थी आणि आमच्यासारखे मधले. शिवाय शहरही बदललंय. बाहेरच्यांना वाटतं सॉल्ट लेक म्हणजे सगळेच मॉर्मन, पण २०१८ सालीच या काउंटीत चर्चचे सदस्य निम्म्याच्या खाली आल्याच्या बातम्या होत्या. रविवारी भाकरी आणि पाणी (आमच्यात द्राक्षारस नाही, पाणी असतं) वाटायचं काम खरं बारा-तेरा वर्षांच्या मुलांचं, आमच्याकडे त्या वयाचा एकच मुलगा, मग सत्तरीचे काका लोक ट्रे घेऊन बाकाबाकातून फिरायचे, एकाचा हात थरथरायचा, इवल्याशा कपांतलं पाणी सांडायचं आणि सगळे न बघितल्यासारखं करायचे.

कुजबुज वर्षभर चालू होती. पण अधिकृत कोणी काही बोलत नाही, कारण स्टेक प्रेसिडेंटने प्रस्ताव वर पाठवायचा, मग चर्चच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळाची मंजुरी येणार आणि ती येईपर्यंत तोंड बंद. मग एके दिवशी ईमेल आला, येत्या रविवारी संध्याकाळी तीन वॉर्डांची एकत्र सभा, सगळ्यांनी यावं. नवरा ईमेल वाचून म्हणाला, "झालं." तो लहानपणापासून हे बघत आलाय, त्याच्यासाठी पावसाळा आला तसं.

सभा स्टेकच्या मोठ्या इमारतीत होती. आमच्या चर्चच्या इमारतींत प्रार्थनेच्या हॉलच्या मागे एक जिम असतो, मध्ये घडीचा पडदा, गर्दी झाली की पडदा सरकवून खुर्च्या मांडतात. त्या दिवशी मी बसले ती बरोबर बास्केटबॉलच्या रिंगखाली. तिथून स्टेक प्रेसिडेंट बोटाएवढा दिसत होता. त्याने स्क्रीनवर नकाशा लावला. तीनाचे दोन होणार होते. दोन वॉर्डांची नावं राहिली, आमचं नाव गेलं, आणि आमच्या वॉर्डाच्या मधून उभी एक लाल रेघ. रेघ बरोबर आमच्या रस्त्यावरून.

आमच्या दारासमोर एक आजी राहतात. म्हणजे मी मनात आजी म्हणते, तिथे सगळे ब्रदर-सिस्टर करतात. मी या देशात बाळंत झाले तेव्हा आई व्हिसामुळे येऊ शकली नव्हती, तेव्हा या बाईने तीन आठवडे रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून जेवण आणलं, बटाटे-चीजचं ते इथलं प्रसिद्ध कॅसरोल, ज्याला हे लोक अंत्यविधीचे बटाटे म्हणतात कारण मयताच्या जेवणात हमखास असतं. बाळंतिणीला अंत्यविधीचे बटाटे! आईला मी नाव कधी सांगितलंच नाही. तर लाल रेघेने आजी त्या वॉर्डात आणि आम्ही या वॉर्डात. मी मागे वळून बघितलं, आजी दोन रांगा मागे होत्या, त्या नकाशाकडे बघतच नव्हत्या, पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

मग हात वर करणं. आमच्यात कुठलाही बदल झाला की सगळ्यांनी उजवा हात वर करून पाठिंबा दाखवायचा असतो, आणि विरोध असेल तर तोही दाखवा म्हणून विचारतात. विरोधाला हात वर झालेला मी नऊ वर्षांत एकदाही पाहिला नाही, त्या दिवशीही झाला नाही. मीही वरच केला. मग म्हणाले, बंद होणाऱ्या वॉर्डातल्या सगळ्यांना त्यांच्या कॉलिंगमधून मोकळं केलं जातंय, ज्यांना आभार मानायचे त्यांनी हात वर करा. एका झटक्यात सगळे. बिशप, ऑर्गनवाले, हिशेबवाले, मी. मला इतकं विचित्र वाटलं. नर्सरीला मी नऊ वर्षं शिव्या दिल्या असतील, मनातल्या मनात, त्या जुळ्यांनी माझ्या अंगावर काय काय केलंय, आणि आता कोणीतरी माइकवरून मोकळं केलं तर रडूच आलं. नवऱ्याने रुमाल दिला, वापरलेला.

घरी आल्यावर मला आमची आजी आठवली, नगरची, खरी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आमचंही गेलं. आजी त्यावर शेवटपर्यंत कुरकुरत होती. देऊळ तेच, बाक तेच, गीतं तीच, तरी म्हणायची, "आमच्यात बिशप नव्हताच कधी, हा कुठून आणून बसवला?" आम्ही नातवंडं हसायचो, चाळीस वर्षं झाली की गं त्याला. आता हसू येत नाही. (आणि नात एका डेंटिस्ट बिशपच्या मंडळीत जाऊन बसलीय हे तिला कळलं असतं तर काय म्हणाली असती देव जाणे.)

पुढच्या रविवारी नवा वॉर्ड. पहिला धक्का वेळेचा. इथे एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड पाळीपाळीने भरतात, आम्ही बाराला जायचो, आता सकाळी नऊ. दोन पोरांना घेऊन नऊला! २०१९ पासून रविवारचं तीन तासांचं दोन तासांवर आलं हे नशीब, नाहीतर मी चर्च बदललं असतं, दुसऱ्यांदा.

दुसरा धक्का बाकांचा. कोणाची जागा ठरलेली नसते असं सगळे म्हणतात आणि प्रत्येकाची ठरलेली असते. आम्ही डावीकडे तिसऱ्या बाकावर बसलो तर एक कुटुंब आलं, आमच्याकडे बघितलं, खूप गोड हसलं आणि तिथेच उभं राहिलं. तेवढ्यात दुसरं कुटुंब आलं, त्यांचीही तीच जागा, त्यांच्या जुन्या वॉर्डात. मग सगळे "नाही नाही तुम्ही बसा" करत सात-आठ मिनिटं गेली, अगदी आपल्याकडे पंगतीत करतात तसं, आणि तो बाक शेवटपर्यंत अर्धा रिकामाच राहिला.

मध्यंतरात बायकांच्या वर्गाबाहेर एकीने मला विचारलं, "तुम्ही नवीन का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय. नऊ वर्षं झाली, दोन पोरं झाली, तरी त्या वॉर्डात कोणाचे पाहुणे आले की मलाच विचारायचे, तुम्ही नवीन का, कुठून आलात, इथे कशा आलात, तुमच्याकडे आहे का आपलं चर्च. (आहे. हैदराबादला २०१२ मध्ये भारतातला पहिला स्टेक झाला, बंगळुरूला टेंपल बांधतायत, हे मी पाठच केलंय.) मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "मी पण. मला इथे बाथरूमसुद्धा माहीत नाही." बाथरूम मला माहीत होतं. मी तिला घेऊन गेले, वाटेत अजून दोघी मागे लागल्या. एवढीशी गोष्ट, पण मी दिवसभर खूश होते. त्या खोलीत सगळ्याच नवीन होत्या आणि त्यांच्यात त्यातल्या त्यात जुनी मी.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. तीन महिने "आमच्यात असं करतात" चालू होतं. बायकांच्या वर्गाला, रिलीफ सोसायटी म्हणतात त्याला, १८४२ पासूनची संस्था आहे ती, तर आमच्या वॉर्डात खुर्च्या गोल मांडायचे आणि त्यांच्यात रांगेत. नवी अध्यक्ष बिचारी एक आठवडा गोल, एक आठवडा रांगा असं करत होती. एक दिवस कोणीतरी आधी येऊन गोलाच्या रांगा करून ठेवल्या. कोण ते सगळ्यांना माहीत होतं. गायनमंडळाला दोन डायरेक्टर झाले, मग एकाला दुसरं काहीतरी काम दिलं आणि तो नाताळपर्यंत गायलाच नाही. आणि काही लोक यायचेच बंद झाले. आमच्याकडचं एक वयस्कर जोडपं, आवाज न करता मागे बसणारं, सभेच्या रात्री हात वर करून गेलं ते नंतर दिसलंच नाही. मी दोनदा घरी जाऊन आले. त्यांनी आत घेतलं, लिंबूपाणी दिलं, नातवंडांचे फोटो दाखवले, चर्चचा विषय काढला की काका लॉनबद्दल बोलायचे. याचं काय करायचं मला कळलेलं नाही.

माझं स्वतःचं जमलं ते प्रार्थनेत नाही, झाडू मारताना. इमारतीची साफसफाई सदस्यच करतात, शनिवारी सकाळी, घरांच्या याद्या असतात. आपल्याकडचं श्रमदान, फक्त व्हॅक्युम क्लीनर घेऊन. आमची पाळी आली तेव्हा नवरा कामाला गेलेला, मी एकटी, आणि दुसऱ्या बाजूने आली ती नेमकी रांगावाली. सत्तरीच्या पुढची, रिटायर्ड शिक्षिका, पाठ ताठ, मी तिला मनात हेडबाई म्हणायचे. दोघीच होतो. तिने मला बाक दिले आणि स्वतः काचा घेतल्या, विचारलं वगैरे नाही.

बाकांखाली चिरिओज असतात, ते ओटसचे छोटे गोल, सगळ्या आया पोरांना गप्प ठेवायला डब्यात आणतात. कार्पेटमध्ये चुरा होऊन बसतात, व्हॅक्युमने निघत नाहीत, गुडघ्यावर बसून बोटांनी काढावे लागतात. मी वैतागून काहीतरी पुटपुटले, बहुतेक मराठीत. हेडबाई काच पुसायची थांबली, येऊन शेजारी गुडघ्यावर बसली, तिला बसायला चांगलाच वेळ लागला, आणि काढायला लागली. म्हणाली, तिच्या मुली लहान होत्या तेव्हा ती या कचऱ्यावर इतकी चिडायची की तिने एकदा बिशपला चिठ्ठी लिहिली होती. मग तळहातावर ते सात-आठ गोल ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, आमच्या वॉर्डात शेवटची सहा वर्षं झाडलं तरी एकही सापडायचा नाही.

मग आम्ही फार बोललो नाही. तिचा गुडघा अडकला तेव्हा मी हात दिला. जाताना तिने विचारलं, मघाशी कुठल्या भाषेत शिव्या देत होतीस? मी म्हटलं, शिव्या नव्हत्या हो. होत्या थोड्या.

त्यानंतर तिनेच मला स्वयंपाकघरातल्या कामात ओढलं. प्रत्येक वॉर्डाचं तिथे एक कुलूपबंद कपाट असतं. आमचं बंद झालेल्या वॉर्डाचं कपाट कोणी उघडलंच नव्हतं, किल्ली कोणाकडे हेच माहीत नाही, शेवटी डेंटिस्टच्या ड्रॉवरमध्ये सापडली. एका बुधवारी आम्ही पाचजणींनी ते रिकामं करून नव्या कपाटात लावलं. प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ, जेलोचे, म्हणजे जेलीचे, साचे (२००१ पासून जेलो हा यूटाचा अधिकृत खाऊ आहे, विधिमंडळाने ठराव केलाय, हसू नका), दिवाळीतल्यासारखी लाइटची माळ, मोठे डाव. दोन्हीकडच्या डावांच्या दांड्यांना नेलपॉलिशची खूण, आमची लाल, त्यांची मोरपंखी. एकीने विचारलं, खुणा पुसायच्या का? हेडबाई म्हणाली, राहू देत, आपोआप जातील.

त्या ढिगात माझं पातेलं निघालं. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या पार्टीला मी खीर नेली होती, तेव्हापासून गायब होतं, मी कोणावर तरी संशयही घेतला होता, नाव सांगत नाही. स्टीलचं, जाड बुडाचं, आईने बॅगेत कपड्यांत गुंडाळून दिलेलं, आमच्या आजीचं. काठाखाली तिचं नाव आणि साल कोरलेलं, ठिपक्याठिपक्यांचं, भांडीवाला मशीनने टर्रर्र करून कोरतो तसं. मी घरी नेणारच होते, पण तेवढ्यात कोणाकडे तरी मयत झालं, नातेवाइकांचं जेवण आमच्याकडे, आणि हेडबाईने ते पातेलं उचलून त्यात दहा पौंड बटाटे उकडायला लावले. मी काही बोलले नाही. समोरच्या आजीही आल्या होत्या, त्यांच्या वॉर्डातून खास, चीज किसायला. आमची खरं तर दर गुरुवारी गाठ पडतेच, गवती चहाला, रस्ता काही नकाशातल्याइतका रुंद नाहीये, पण त्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांना बघून बरं वाटलं.

पुढच्या रविवारी पातेलं घासूनपुसून माझ्या बाकावर आलं. डावीकडचा तिसरा, आता आमचाच आहे. हेडबाईने त्याला रुंद मास्किंग टेप लावून त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात माझं नाव लिहिलं होतं, म्हणजे परत हरवायला नको. स्पेलिंग चुकलेलं होतं. आणि टेप बरोबर आजीच्या नावावरच चिकटवलेली, तिला ते नक्षीकाम वाटलं असावं.